हरवलेल्या नोंदींचा शोध

दिवाळीत पेढ्यांवर होणारे वहीपूजन बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. लाल कापडात बांधलेली लांबट वही, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी दौत आणि लेखणी. अलीकडे त्या वहीच्या बाजूला ठेवलेल्या संगणकालाही हळदकुंकू वाहिले जाते. आणि खरे बोलायचे तर पेढीचा सगळा जमाखर्च त्या संगणकातच असतो, वही मुहूर्तापुरतीच. बँकेतली आपली शिल्लक, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल, मुलांचे गुणपत्रक, रुग्णालयातले जुने तपासणी-अहवाल या साऱ्यांची आज एकच तऱ्हा झाली आहे. ते सारे कुठेतरी आडव्या ओळी आणि उभे रकाने यांच्या तक्त्यांत बसलेले असते, आणि आपण खिडकीपाशी उभे राहिलो की पलीकडचा मनुष्य त्या तक्त्यांना एक प्रश्न विचारतो.

हा प्रश्न कसा विचारतात, आणि ते तक्ते बिघडले तर पुढे काय होते, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. मीही केली नसती. माझा पेशा मराठी शिकविण्याचा. माझी मजल फार तर 'विदा' हा शब्द चांगला की 'डेटा', या वादापर्यंत. (माझे मत विचाराल तर, जो शब्द भाजीवाल्यालाही कळतो तो चांगला. म्हणून या लेखापुरता डेटाच.) तथापि आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी आहे, आणि त्या वाचनालयावर असा एक प्रसंग आला की हा विषय समजून घेणे भाग पडले. तो प्रसंग यथाक्रम येईलच. आधी थोडा इतिहास.

ज्या पद्धतीने हे तक्ते आज जगभर मांडले जातात, तिला इंग्रजीत 'रिलेशनल' म्हणतात. पुष्कळांना वाटते की तक्त्यांची एकमेकांशी नाती असतात म्हणून हे नाव. तसे नाही. गणितात 'रिलेशन' म्हणजे एकाच साच्याच्या ओळींचा संच, म्हणजे खुद्द तक्ताच. ही कल्पना एडगर कॉड या गृहस्थांची. त्यांचा जन्म १९२३ सालचा, इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातला. दुसऱ्या महायुद्धात हे विमान चालवीत होते. पुढे अमेरिकेत जाऊन आयबीएम कंपनीत गणिती म्हणून रुजू झाले. १९७० साली त्यांनी अवघ्या दहा-अकरा पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात मुख्य म्हणणे असे मांडले की माहिती ज्याला हवी आहे त्याने ती 'काय' हवी तेवढेच सांगावे. ती यंत्रात कुठे आणि कशी ठेवली आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

आज ही गोष्ट उघड वाटते. त्या काळी ती नव्हती. चंद्रावर माणूस पाठविण्याच्या अपोलो मोहिमेतल्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्यासाठी आयबीएमनेच एक व्यवस्था उभारली होती. तिच्यात माहिती झाडासारखी फांद्या-उपफांद्यांत ठेवलेली असे, आणि कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर जायचे ही वाट माहिती मागणाऱ्यालाच आखावी लागे. फांद्यांची रचना बदलली की जुन्या वाटा चुकल्याच म्हणून समजा. पण ती व्यवस्था उत्तम खपत होती. साहजिकच कॉडसाहेबांची कल्पना त्यांच्याच कंपनीत बराच काळ रेंगाळली. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघा तरुणांनी कॉडच्या गणितासाठी साध्या इंग्रजीसारखी एक भाषा बेतली, तीच आजची एसक्यूएल. तिचे मूळ नाव 'सीक्वेल'. ते एका विमान-कंपनीने आधीच नोंदवून ठेवलेले निघाले म्हणून बदलावे लागले. बॉइस तर त्याच वर्षी, तिशी गाठण्यापूर्वीच वारले. आपल्या भाषेचा संसार किती वाढला हे त्यांना पाहायला मिळाले नाही. कॉड यांना १९८१ साली ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

आता वाचनालयाकडे वळू. तिथे तीन तक्ते. पहिला सभासदांचा : क्रमांक, नाव, पत्ता, अनामत रक्कम. दुसरा पुस्तकांचा : दाखल क्रमांक, नाव, लेखक. तिसरा देवघेवीचा : कोणत्या क्रमांकाच्या सभासदाने कोणत्या दाखल क्रमांकाचे पुस्तक कोणत्या तारखेला नेले आणि कोणत्या तारखेला परत केले. देवघेवीच्या तक्त्यात कोणाचेही नाव नाही, केवळ क्रमांक. कारण सोपे आहे : एखादे कुटुंब गिरगावातून डोंबिवलीला राहायला गेले तर पत्ता एकाच ठिकाणी बदलावा. तो चाळीस ठिकाणी लिहिला असेल तर एकोणचाळीस ठिकाणी बदलला जातो आणि चाळिसाव्या ठिकाणी राहतो, हा कोणत्याही कचेरीतला अनुभव आहे.

'कोणाकोणाकडे पुस्तके थकली आहेत?' हा साधा प्रश्न या भाषेत विचारायचा तर वाक्याची सुरुवात 'सिलेक्ट' या शब्दाने होते : निवड नाव, सभासदांतून, देवघेव जोडून, जिथे परत-तारीख कोरी आहे. क्रियापद पहिले, इंग्रजी आज्ञार्थाच्या वळणाने. मौज अशी की हे वाक्य यंत्र ज्या क्रमाने समजून घेते तो क्रम निराळाच आहे. अर्थाच्या दृष्टीने यंत्र आधी 'कशातून' पाहते. मग जोड लावते. मग 'जिथे'ची अट लावून ओळी गाळते. मग गट पाडायचे असतील तर पाडते. आणि 'निवड' ही आज्ञा अगदी शेवटाकडे पाळते. म्हणजे यंत्राच्या मनातले वाक्य असे होते : सभासद आणि देवघेव यांच्या जोडीतून, ज्यांची परत-तारीख कोरी आहे, त्यांची नावे निवड. हे तर शुद्ध मराठी वाक्य झाले! क्रियापद शेवटी. माझ्या वर्गातल्या काही मुलांना, जी संगणकाच्या अभ्यासक्रमालाही बसतात, मी हा क्रम सांगितला तेव्हा त्यांच्या दोन अडचणी आपोआप सुटल्या. एक म्हणजे, निवडताना एखाद्या रकान्याला दिलेले नवे नाव 'जिथे'च्या अटीत का चालत नाही. निवड अजून झालेलीच नसते, तर चालणार कसे? दुसरी म्हणजे 'व्हेअर' आणि 'हॅविंग' या दोन अटींतला भेद. पहिली गट पाडण्यापूर्वी सुट्या ओळींना लागते, दुसरी गट पाडल्यानंतर गटांना. 'यंदा ज्या लेखकांची पुस्तके पन्नासाहून अधिक वेळा गेली ते लेखक' यात 'यंदा' ही पहिली अट, आणि 'पन्नासाहून अधिक' ही दुसरी.

खरी गंमत मात्र नसलेल्या गोष्टी शोधण्यात आहे. आहे ते सांगणे कोणालाही जमते. काय नाही हे विचारायला कौशल्य लागते. आमच्या मंडळाने ठराव केला होता की जी पुस्तके कधीच कोणी नेली नाहीत ती काढून ग्रामीण शाळांना द्यावीत. प्रश्न अगदी सरळ वाटतो : ज्यांचा दाखल क्रमांक देवघेवीच्या तक्त्यातल्या क्रमांकांत नाही, अशी पुस्तके दाखव. संगणकाने उत्तर दिले, एकही नाही. मंडळातल्या एका सद्गृहस्थांना धन्यता वाटली; आमच्या सभासदांनी प्रत्येक पुस्तक वाचले तर! पण कपाटात पाने न कापलेली पुस्तके डोळ्यांना दिसत होती.

घोटाळा होता एका कोऱ्या रकान्याचा. गर्दीच्या वेळी कोणीतरी पुस्तकाचा क्रमांक न घालताच एक नोंद केली होती. आता यंत्राला विचारा : १२५ हा क्रमांक '७, ३०, आणि कोरे' या यादीत नाही ना? ते म्हणते, ७ नाही हे खरे, ३० नाही हेही खरे. पण कोऱ्या जागी काय असेल ते मला ठाऊक नाही, कदाचित १२५ असेलही. तेव्हा एकूण उत्तर 'ठाऊक नाही'. आणि ज्या ओळीबद्दल निश्चित 'खरे' म्हणता येत नाही ती ओळ यंत्र गाळते. याप्रमाणे एका कोऱ्या रकान्याने सगळी यादी गिळली. या भाषेत खरे आणि खोटे यांच्या जोडीला 'अज्ञात' हे तिसरे मूल्य आहे, आणि शून्य, रिकामी जागा व अज्ञात या तीन वेगळ्या वस्तू आहेत. उपाय असा की डावी जोड लावावी : प्रत्येक पुस्तक समोर ठेवायचे, देवघेवीत जुळणारी ओळ असेल तर शेजारी मांडायची, नसेल तर शेजार कोरा ठेवायचा, आणि मग ज्यांचा शेजार कोरा राहिला तेवढी पुस्तके मागायची. हीच डावी जोड पुढे आमच्या फार उपयोगी पडली.

पावसाळ्यातली एक संध्याकाळ. परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी चालू असताना वीज गेली. संगणकाला जोडलेली बॅटरी केव्हाच निकामी झालेली. सकाळी वीज आली तेव्हा मदतनीस मुलाने पाहिले की डेटाच्या फाइलीशेजारी त्याच नावाची, शेवटी 'जर्नल' असे शेपूट असलेली एक अनोळखी फाइल आहे. केराची वाटून त्याने ती काढून टाकली. त्यानंतर फाइल उघडायला गेले तर पडद्यावर इंग्रजीत अक्षरे उमटली : डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड. म्हणजे आकार बिघडला आहे.

ती शेपटीची फाइल काय होती? आमच्या वाचनालयाची प्रणाली 'एसक्यूलाइट' नावाच्या डेटाबेसवर चालते. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी तो २००० साली निर्माण केला. आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो आहे, आणि आपल्या गप्पा, नाव-क्रमांकांची यादी वगैरे त्यातच साठते. त्याची फाइल सारख्या आकाराच्या पानांत विभागलेली असते, बहुधा ४,०९६ बाइटांचे एक पान. एक पुस्तक परत आले तरी कधी दोन-तीन पाने बदलावी लागतात. त्यांपैकी एक बदलले आणि दुसऱ्यापूर्वी वीज गेली तर? म्हणून बदल करण्यापूर्वी जुन्या पानांची नक्कल त्या जर्नल फाइलीत काढून ठेवतात. काम तडीस गेले की नक्कल पुसतात. अर्ध्यावर राहिले, तर पुढच्या वेळी उघडताना ती नक्कल दिसते आणि जुनी पाने जागच्या जागी परत बसविली जातात. अर्धवट व्यवहार झालाच नव्हता असे होते. मदतनीसाने नेमके हे औषधच फेकून दिले होते. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्या फाइलीवर 'औषध' असे कोणी लिहिले नव्हते.

मोठ्या डेटाबेसांत बहुधा याच्या उलट रीत असते : जुने जपण्याऐवजी नवे काय करायचे आहे ते आधी एका वेगळ्या खर्ड्यात क्रमाने लिहून काढायचे, आणि मग सवडीने मूळ तक्त्यांत उतरवायचे. आपल्याकडच्या मुनीमजींना हे सांगावे लागणार नाही. व्यवहार होताच तो रोजकीर्दीत लिहायचा, खतावणीत मागाहून. खतावणीला वाळवी लागली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. रोजकीर्द गेली तर सगळेच गेले. या खर्ड्यावरून बिघडलेला डेटाबेस बिनचूक कसा उभा करावा, याची आज सर्वमान्य झालेली पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली, आणि तिचे प्रमुख कर्ते सी. मोहन हे मद्रासच्या आयआयटीतून शिकून आयबीएममध्ये गेलेले. तिची युक्ती वरकरणी उफराटी आहे. आधी घडले ते सगळे पुन्हा घडवायचे, अर्धवट राहिलेले व्यवहारसुद्धा. आणि मगच अर्धवट तेवढे एकेक करून मागे घ्यायचे.

या 'व्यवहारा'च्या कल्पनेला पक्के रूप देणारे जिम ग्रे, १९९८ च्या ट्यूरिंग पारितोषिकाचे मानकरी. व्यवहार एक तर पुरा व्हावा नाही तर मुळीच होऊ नये, आणि पुरा झाला असे सांगितल्यावर तो हरवता कामा नये, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. २८ जानेवारी २००७ रोजी ते आईच्या अस्थी समुद्रात विसर्जन करण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाच्या नावेतून निघाले आणि परतले नाहीत. त्यांच्या मित्रांनी उपग्रहावरून समुद्राची छायाचित्रे मिळविली, हजारो लोकांनी ती घरबसल्या तपासली. नाव नाही, माणूस नाही, काहीही सापडले नाही.

आमची फाइल मात्र सापडण्यासारखी होती. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला याच कामात आहे. तो रविवारी आला. ग्रंथपाल बाई बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. तो म्हणाला, "काकू, आधी कोणीही काहीही दुरुस्त करायचं नाही. सर, तुम्हीही नाही." मग त्याने फाइलीच्या दोन नकला काढल्या, मूळ फाइल बाजूला ठेवून दिली आणि तिला पुन्हा हात लावला नाही. दुरुस्तीच्या नादात मूळच बिघडविले तर मग दुसरी संधी नसते, एवढेच त्याने सांगितले.

नकलेवर त्याने तपासणीचा हुकूम चालविला. कधी कधी केवळ सूची बिघडलेली असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी; ती मूळ मजकुरावरून पुन्हा करता येते आणि काम भागते. आमचे नशीब एवढे चांगले नव्हते. तक्त्याची पाने झाडासारखी रचलेली असतात, बुंध्यापासून पानापर्यंत. आमच्या देवघेवीच्या झाडाची मधलीच एक फांदी तुटली होती. टोकाची पाने शाबूत, पण त्यांच्यापर्यंत पोचायची वाट नाही. अशा वेळी 'रिकव्हर' नावाचा हुकूम असतो. तो वाट शोधीतच नाही. फाइलीतले एकेक पान सुटे उचलून, त्याच्या घडणीवरून ते कशाचे असेल ते ताडतो आणि ओळी वेचून नव्या फाइलीसाठी लिहून देतो. ज्या ओळी कोणत्या तक्त्यातल्या हे कळत नाही त्या एका वेगळ्या तक्त्यात ठेवतो, आणि त्या तक्त्याचे नाव खरोखरच 'लॉस्ट अँड फाउंड' असते, रेल्वे स्टेशनावरच्या कचेरीसारखे.

सभासद आणि पुस्तके पूर्ण मिळाली. देवघेवीच्या काही ओळी त्या बेवारशी तक्त्यात गेल्या. इथून पुढे यंत्राची हुशारी संपली आणि प्रश्न विचारण्याची विद्या सुरू झाली. नोंदींचा खरेखोटेपणा ठरवायचा तो प्रश्नांनीच. ज्या नोंदीतला सभासद क्रमांक सभासदांच्या तक्त्यात नाही अशा किती? (पुन्हा डावी जोड.) एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी एकाच वेळी चालू आहेत अशी पुस्तके कोणती? गट पाडा आणि एकाहून अधिक असलेले गट मागा. परत-तारीख नेल्याच्या तारखेच्या आधीची आहे अशी ओळ आहे काय? प्रत्येक प्रश्नाने थोडा केर बाहेर काढला.

शेवटी एक नोंद अडली. आमचे एक वृद्ध सभासद, निवृत्त शिक्षक. मुख्य तक्त्यात त्यांच्या नावावर एक दुर्मिळ चरित्रग्रंथ, परत-तारीख कोरी. ते तर पुस्तक परत केल्याचे शपथेवर सांगत होते, आणि मंडळात त्यांच्या अनामत रकमेतून किंमत वळती करण्याची भाषा निघाली होती. रक्कम काही मोठी नव्हती. पण चाळीस वर्षांच्या सभासदाला आपण खोटा ठरवीत आहोत हे त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला कळत होते. बेवारशी तक्त्यात त्याच पुस्तकाची, त्याच नेल्याच्या तारखेची दुसरी ओळ निघाली, आणि तिच्यात परत-तारीख भरलेली होती. दोहोंत खरी कोणती? माझ्या विद्यार्थ्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आपल्या कामात कोरी जागा भरली जाते, भरलेली जागा कोरी कधी होत नाही. तेव्हा भरलेली ओळ नंतरची." बाई उठल्या, कपाटापाशी गेल्या आणि पुस्तक काढून टेबलावर ठेवले. गर्दीत ते चुकीच्या फळीवर गेले होते.

ही दुरुस्ती दोन दिवस चालली. नकलेची सोय आधीपासून असती तर तासाभराचे काम होते. नकलेविषयी मात्र एक इशारा दिलाच पाहिजे. ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या, जगभरचे प्रोग्रॅमर जिथे आपले काम ठेवतात अशा मोठ्या संस्थेत, रात्री उशिरा थकलेल्या एका अभियंत्याने चुकीच्या यंत्रावर हुकूम दिला आणि मुख्य डेटाबेसच पुसायला सुरुवात झाली. त्याच्या लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांतले साडेचार उरले होते. नकला काढण्याच्या पाच निरनिराळ्या व्यवस्था होत्या. त्या प्रसंगी एकही धड उपयोगी पडली नाही. रोजची नकल निघते असे सारे समजत होते, पण दोन आवृत्त्यांचा मेळ नसल्याने ती कित्येक दिवस निघतच नव्हती, आणि तसे कळविणारी पत्रेही टपालव्यवस्थेने नाकारली होती. सहा तासांपूर्वी कोणीतरी वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेली एक नकल योगायोगाने हाती होती. तिच्यावर सगळे निभावले. त्या संस्थेचे एक कौतुक केले पाहिजे : आपली दुरुस्ती तिने उघडपणे, जगाला पाहता येईल अशी प्रक्षेपित केली आणि चूक कशी झाली ते सविस्तर लिहून प्रसिद्ध केले.

आमच्या वाचनालयात आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नकल दुसऱ्या संगणकावर उघडतात. नुसती आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. बाई तिला तीन प्रश्न विचारतात : सभासद किती, सभासद नसलेल्यांच्या नावावर पुस्तके किती, आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची. उत्तरे भिंतीवरच्या कागदावर पेन्सिलीने लिहिली जातात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजवर दरवेळी शून्य आले आहे, आणि मदतनीस मुलाने संगणकाला नवी बॅटरी जोडून घेतली आहे.